तुम्ही घ्या, अक्का

प्रिय शीतल,

तू फोन उचलत न्हाईस, म्हणून हे पत्र. सोमेश्वरभाऊजी उद्या केदारखेड्याला येऊन राह्यलेत, त्यांच्याच हाती देते. नवरा आल्यावर तरी दार उघडशील का? चार दिवस माहेरी जाऊन येते म्हणून गेलीस आणि आता आईच्या तोंडून निरोप धाडतेस, की फुटबॉल बास झाला, यापुढं खेळणार न्हाई. बरं बाई. पण तुझे बूट इथं ओसरीवरच राहिले आणि आत्याबाई रोज झाडताना ते उचलून पुन्हा जागेवर ठेवायच्या. सुनेचे बूट उचलणारी सासू तीर्थपुरीत दुसरी दाखव मला.

तुला आठवतं का, लग्न होऊन आलीस तेव्हा तुझ्या पेटीत साड्यांच्या खाली कॉलेजातले खेळायचे लांब मोजे सापडले होते? मी आपली समजले, तुला थंडी फार वाजते. मंग मोसंबीच्या तोडणीला झाडावरून फेकलेलं फळ मी पटापट झेलताना तू पाहिलंस आणि म्हणालीस, अक्का, तुम्ही गोलात उभ्या राहा. मी म्हणलं, येड लागलं का तुला, दोन लेकरांची आई मी. आणि महिन्याभरात आमच्या ह्यांची ट्रॅकपँट घालून गोलात उभी होते. गावातल्या बाया आधी हसल्या, नंतर त्यातल्याच निम्म्या संघात आल्या. हे सगळं तुझं करणं.

आता क्रीडा महोत्सवाचं बोलते. पुरुषांचा सामना आपल्या आधी होता. जालन्याच्या त्या मैदानावर कबड्डीवाले, खो-खोवाले सगळे बघायला जमलेले, आणि आपले दोघे भाऊ असे पळत होते की बघवत न्हवतं. सोमेश्वरभाऊजी, जे घरात थोरल्या भावासमोर पाय पसरून बसत न्हाईत, ते मैदानात ओरडत होते, भुज्या, टाक इकडं, झोपलास का रे. आणि आमचे हे मुकाट बॉल टाकत होते. चार गोलनं हरले आणि वर दोघांनी एकाच ताटलीत भजी खाल्ली. कुणाला काही वाटलं न्हाई.

आणि आपली फायनल! बराबरीत चाललेली, संपायला आलेली. बॉल घरंगळत आपल्या दोघींच्या मधोमध आला. काही जोर न्हाई, काही न्हाई, नुसती लाथ मारली असती तरी पार रेल्वे स्टेशनात गेला असता. तू मागं वळलीस आणि म्हणालीस, "घ्या अक्का, तुम्ही घ्या." मी म्हणलं, "असू दे, तू घे." घरात शेवटची भाकरी उरली की आपण असंच करतो, आणि ती भाकरी मांजर खातं. इथं समोरच्या संघातल्या पोरीनं खाल्ली, गोल झाला आणि फायनल गेली. अख्खं मैदान हसलं. आत्याबाई तेवढ्या हसल्या न्हाईत. कडेला बसल्या होत्या, तिथनंच म्हणाल्या, "मैदानातबी सासर घेऊन हिंडता का गं?"

आता किराणा दुकानात गेले तरी पोरं मला पुढं करून म्हणतात, घ्या अक्का, तुम्ही घ्या. मी पण हसते. हसू न्हाई तर काय करू? बाकी घरी सगळं ठीक. माऊली रोज विचारतो, काकू कधी येणार. सरावाला तुझ्या जागी प्रियदर्शनी उभी राहते. पोरगी गुणाची, पण बॉल आला की डोळे मिटते. आणि मला करमत न्हाई, शीतल. भाकरी थापताना शेजारच्या चुलीकडं बघून बोलायला जाते आणि तिथं कुणीच नसतं.

गोल गेला म्हणून लाज वाटली आणि माहेरी गेलीस, असं मीही सगळ्यांना सांगत होते. पण काल आपले कोच नागसेन सर आल्ते. ते म्हणाले, विभागाच्या संघात तीर्थपुरीचं एकच नाव आहे, तुझं. तुला फोन केल्ता त्यांनी आणि तू जमणार न्हाई म्हणालीस. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मोठी जाऊ घरी आणि धाकटी पुढं, हे तुला सोसलं न्हाई. मला वाईट वाटलं का? वाटलं. खोटं कशाला बोलू, काल भाजीत दोनदा मीठ पडलं आणि आत्याबाईंनी गपचूप खाल्ली. पण अगं, तू परत तेच केलंस. बॉल तुझ्याकडं आलाय आणि तू मागं वळून माझ्याकडं बघून राह्यलीस. सोमवारपासून जालन्यात सराव आहे. तू येणार असं मी सरांना सांगून टाकलंय. भाऊजींच्या हातातली पिशवी उघड, त्यात तुझे बूट आहेत. आत्याबाईंनी काल रात्री खोबरेल तेल लावून पुसलेत. तिकडूनच परस्पर जालन्याला जा, इथं येऊन माझ्या पाया पडत बसू नको. मोठी म्हणून इतके दिवस मान दिलास ना, मंग आता मोठीचं ऐक. मी गोलात उभी राहून सांगते आहे. तू घे.

तुझीच,
दैवशाला