वीत आणि वर एक बोट

कामठा, जि. गोंदिया
दि. ११ ऑक्टोबर २०२५

आदरणीय योगराजजी यांस,
सादर नमस्कार.

दवनीवाड्यास आपण, वहिनी व आई कुशल असाल, अशी आशा करतो. आपल्याकडे हलक्या धानाची कापणी सुरू झाली असेल. इकडे बांध्यांत अजून पाणी आहे. माझे महाविद्यालय नियमित सुरू असून बारावीचा पहिल्या सत्राचा भौतिकशास्त्राचा अभ्यासक्रम वेळेत पूर्ण झाला.

आपली भाची टिंकू हिच्याविषयी आपल्या कानावर आले असेलच. तरीही ते माझ्याकडून कळणे उचित. तिचा रक्ताचा कर्करोग परतला आहे. सप्टेंबरअखेर ताप उतरेना म्हणून नागपूरला नेले, तेव्हा निदान झाले. पुन्हा तीच औषधे, आणि ती लागू पडल्यास अस्थिमज्जेचे प्रत्यारोपण. माझी मज्जा अर्धी जुळते. तेवढ्याने काम होते, असे डॉक्टर म्हणतात. खर्चाचा काही भाग शासकीय योजनेतून मिळेल. उरलेल्यासाठी घरामागचा प्लॉट शेजारच्या टेकचंद यांना देण्याचे ठरले आहे. हे पत्र पैशांसाठी नाही, हे आधीच नमूद करतो.

फाईल चाळताना डॉक्टरांनी विचारले, "जूनची तपासणी कुठे आहे?" मी म्हणालो, "एप्रिलमध्ये पत्नी वारली." उत्तर खरे होते, परंतु त्या प्रश्नाचे नव्हते.

नऊ जूनला आपण भाड्याची गाडी घेऊन माझ्या फाटकाशी उभे होता. आपले शब्द मला स्मरतात: "जवाईबापू, पोरीचं रक्त तं तपासून आणू. कायले घाबरून राहिले?" अकरावीच्या प्रवेशाचे काम आहे, असे सांगून मी फाटकाची कडीही न काढता आपणांस परत पाठवले. "मास्तर माणूस, अन् असा?" एवढेच बोलून आपण गेलात. टिंकू नवा फ्रॉक घालून खिडकीत बसली होती.

त्या दिवशी प्रवेशाचे कोणतेही काम नव्हते.

एप्रिलमध्ये, चेतनाच्या दहाव्याच्या आदल्या रात्री आईंनी तिच्या खाटेच्या जागी तांदळाचे पीठ चाळून पसरले, बाजूला दिवा लावला आणि पिठावर टोपली पालथी घातली. गेलेला जीव पुढे कोणत्या जन्माला गेला, हे सकाळी पिठातल्या खुणेवरून वाचण्याची आपली रीत. मी तेव्हा सर्वांसमक्ष तिला अज्ञान म्हटले. आईंनी ऐकून घेतले.

पहाटे सगळे विहिरीवर असताना मीच ती टोपली उचलली. पिठात एक लहान उजवे पाऊल होते. पाचही बोटे स्पष्ट. कडेला दोन-तीन खाचा होत्या. त्या उंदराच्या असाव्यात, असे मी ठरवले. पाऊल मात्र कोणाचे, हे ठरवावे लागले नाही. त्या मापाचे एकच पाऊल आमच्या घरात चालत होते.

मी तळहाताने पीठ सारखे केले, बोटाने तीन रेघा ओढल्या आणि टोपली पुन्हा ठेवली. नंतर आईंनी टोपली उचलून विचारले, "काय उमटलं जी?" मी म्हणालो, "पाखराचा पाय." त्या रडल्या आणि हसल्याही. "माही पोरगी पाखरू झाली," असे त्या दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होत्या. अद्याप त्या रोज सकाळी छपराच्या कवेलूंवर भात टाकतात, असे ऐकतो.

त्यानंतरचे लिहिताना लाज वाटते. न्हाणीतून टिंकू ओल्या पायांनी बाहेर आली की फरशीवरची पावले वाळण्याआधी मी पुसून काढीत असे. घरात तांदळाचे पीठ ठेवणे मी बंद केले. चेतनाने कॅलेंडरवर जूनच्या तपासणीच्या तारखेभोवती केलेले वर्तुळ दिसू नये म्हणून मेचे पान जुलैपर्यंत उलटले नाही. मला वाटे, तिने पोरीला मागितले आहे, ते पिठात एकदा लिहिले गेले आहे. रक्त तपासले नाही, तर ते दुसऱ्यांदा वाचावे लागणार नाही. हे मी मानत होतो, योगराजजी, आणि त्याच काळात फळ्यावर गुरुत्वाकर्षणाची सूत्रे लिहीत होतो. रीतीला अज्ञान म्हणणारा मी. त्याच रीतीपायी तीन महिने वाया घालवणाराही मीच.

मागच्या रविवारी टिंकूसाठी गोंदियाहून सँडल आणल्या. पायात गेल्या नाहीत.

"बाबा, माप नाही नेलं?"

"राहिले."

"आईपाशी होतं ना. मी देलं होतं तिले."

"कधी?"

"टोपलीखाली. पिठात. तिनं म्हटलं होतं, उन्हाळ्यात नवे सँडल घेऊ. मंग माप नको का तिले? मी हळूच पाय ठेवला, अन् पुसून येऊन झोपली."

मी सँडल पुन्हा डब्यात ठेवल्या. ती म्हणाली, "तुम्ही रागावले काऊन?" मी रागावलो नव्हतो. सहा महिने मी एका मुलीच्या सँडलच्या मापाला भीत होतो, एवढेच मला कळत होते.

पत्र येथे संपायला हवे होते. परंतु एक गोष्ट राहते.

आपल्या बहिणीची माप घेण्याची रीत आपण जाणता. तिने कधी कागद वापरला नाही, की दोरा. टाचेशी अंगठा, बोटांपुढे करंगळी, अशी वीत ठेवायची आणि पुढे एक बोट टेकायचे. "वाढत्या पायाले जागा पाहिजे," असे म्हणायची. पिठातल्या त्या खाचा मी पुन्हा पुन्हा आठवून पाहिल्या आहेत. एक टाचेशी होती, रुंद. एक अंगठ्याच्या टोकाशी, बारीक. तिसरी त्याच्या पुढे, एक बोट अंतरावर. मी टिंकूला विचारले, तू हात लावला होतास? "हात कायले लावू? आजीनं मारलं असतं ना." तिची वीत मी मोजून पाहिली. टाचेपासून धरली तर अंगठ्याच्या टोकापर्यंतही पोचत नाही.

यावर मी मत देत नाही. आई रात्री टोपलीजवळ बसून होत्या काय, हे त्यांना विचारता येईल. मी विचारणार नाही. पुसले ते पाऊल आणि ती पुढची जागा, दोन्ही माझ्याच हाताने, एवढे मात्र खात्रीने सांगतो.

पाखराविषयी आईंना सांगावे की नाही, हे आपण ठरवावे. भात टाकणे बंद होऊ नये, असे वाटते.

सोळा तारखेस सकाळी नागपूरला भरती व्हायचे आहे. टिंकू म्हणते, मामाजींच्याच गाडीत जाईन. मी फाटकाची कडी काढून ठेवली आहे.

आपला अपराधी,
दुर्गाप्रसाद

ता. क. येताना सँडल आणाव्यात. माप घेण्यास आईंना सोबत न्यावे. चेतनाची वीत त्यांच्याच वितीएवढी होती. टाचेपासून एक वीत, आणि पुढचे एक बोट कृपया विसरू नये.