पेजेतली मुळी

माय,

आज चंद्रपुरात, म्हणजे तुझ्या चांद्यात, मनाच्या डॉक्टरकडे गेले होते. झोप नाही, जीव उगाच घाबरतो. त्याने दोन गोळ्या लिहून दिल्या आणि विचारलं, "घरचं आणखी काही घेता का बाई? काढा, मुळी?" मला हसू आलं आणि लगेच रडूही. डॉक्टर अगदी पोरगेला, बिचारा गांगरला. हाच प्रश्न तुझ्या वेळीही विचारला गेला होता, हे त्याला काय सांगायचं. तुलाच सांगते. पोस्टात टाकायचं नाही, म्हणून लिहायला सोपं जातंय.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशची राजधानी होतं. तू झोपणं सोडलं होतंस, तलावाच्या पाळीवर जाऊन पाण्याशी तावातावाने भांडायचीस. आजीने वैदूकडून जंगलातली मुळी आणली आणि ती उगाळून रोज तुझ्या तांदळाच्या पेजेत घालू लागली. बाबांना तेवढ्याने धीर निघेना. त्यांनी तुला सिंदेवाहीहून गाडीने नागपूरच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, घरी दुसरं काही देता? "काई नाई जी, पेज देतो," बाबा म्हणाले. ते खोटं बोलले नाहीत. आपल्याकडे पेजेत पडलं ते अन्न; औषध म्हणजे बाटलीत किंवा पुडीत येतं ते.

डॉक्टरांनी दिलेल्या दोन गोळ्या आणि वर ती मुळी. तू शांत झालीस, गाव म्हणालं देव पावला. मग रोवणा आला, धानाची लावणी. रोवताना गाणं तू सांगायचीस, बाया मागून झेलायच्या. त्या वर्षी तू एक कडवं म्हटलंस आणि पुन्हा तेच, पुन्हा तेच. गाणं तुला पाठ होतं; आत्ताच म्हटलंय, हे तुझ्यात उरत नव्हतं. एकही बाई हसली नाही. चिखलात मागे सरकत त्या तेच कडवं झेलत राहिल्या.

मी बांधावर रडत बसले होते. गावची शाळा संपली होती, पुढे शिकायचं तर चांद्याला राहावं लागणार, आणि बाबा म्हणत होते, पोरीच्या जातीले काऊन पाहिजे शाळा. तू चिखलाचे हात वर धरून माझं डोकं मांडीवर घेतलंस. "रडू नको पोरी. मी बोलतो तुह्या बापासंग. तुले चांद्याले धाडल्याबिगर पाणी पिणार नाई." सकाळी विचारलं, बोललीस? तू म्हणालीस, "कायचं गं?" मी पुन्हा सांगितलं. तू पुन्हा मांडीवर घेतलंस, तितक्याच जोराने शपथ घेतलीस. बाबा संध्याकाळी कामावरून येईपर्यंत ती विरून गेलेली असायची. असं रोज चालायचं.

दिवाळीनंतरच्या खेपेला आजीही नागपूरला निघाली. मुळी चुकायला नको, म्हणून तिने दवाखान्यातच पदराची गाठ सोडली आणि डॉक्टरांकडे सहाण मागितली. डॉक्टरांनी मुळी हातात घेऊन पाहिली. "आजी, माझी एक गोळी याच मुळीची आहे. दुसरी झोपेची. त्यावर तुमची ही." मग त्यांनी समजावलं, जुनं काही पुसलेलं नाही, पण एवढ्या गुंगीत मेंदूत नवं टिकत नाही. बाबांना ते चटकन कळलं. बांधीत, धानाच्या खाचरात, पाणी फार झालं की रोवलेलं रोप मूळ न धरता वर तरंगतं, हे त्यांनी पाहिलेलं होतं. आजीने मुळी पुन्हा पदराच्या गाठीत बांधली.

मुळी बंद झाली, गोळ्या कमी झाल्या. होळीच्या सुमारास तू जागी झालीस. मी शाळेचं विचारलं. तू शपथबिपथ काही घेतली नाहीस, सरळ उठलीस आणि बाबांना म्हणालीस, "पोरगी चांद्याले जाईन." मी गेले, शिकले, मास्तरीण झाले, ते तुझ्या त्या एका वाक्यावर. त्या पावसाळ्यातलं तुला पुढे कधीच आठवलं नाही. तो पावसाळा माझ्या एकटीकडे राहिला.

तुझी फार आठवण येते, माय. खरं सांगू? बऱ्या झालेल्या तुझी येते त्याहून जास्त त्या पावसाळ्यातल्या तुझी येते. तू विसरणार हे मला चौथ्या-पाचव्या दिवशीच कळलं होतं. त्यानंतर मी शाळेसाठी विचारतच नव्हते. तू मांडीवर घ्यावंस, म्हणून विचारत होते.