पिशवीत उरलेलं बटण

प्रिय दादा,

तुझं पत्र मिळालं. दोनदा वाचलं, आणि दोन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली. ताईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, तिला आता बाबांचं करणं झेपणार नाही, ते पुढे कुणाकडे राहणार हे ठरवायला हवं, इथवर सगळं खरं. पण खाली तू लिहितोस, लहानपणीसारखी तिघांची बटणं पिशवीत घालू, ज्याचं निघेल त्यानं बाबांना न्यावं. पिशवी माझ्याकडे पाठव, मी काढून कळवतो. तू काढून कळवतोस! हे लिहिताना तुझं तुलाच हसू कसं आलं नाही?

आठवते ना ती खाकी पिशवी? बाबांचं शिवणकामाचं दुकान बंद झालं की जमिनीवरचे कापडाचे तुकडे कुणी झाडायचे यावरून आपली रोज जुंपायची. शेवटी कंटाळून बाबांनी तिघांना एकेक बटण दिलं. ताईला निळं, मला काळं, दोन्ही शर्टाची, चपटी, चार भोकांची. तू थोरला, म्हणून तुला कोटाचं पितळी, पाठीमागे कडी असलेलं. रोज एक काढायचं, ज्याचं निघेल त्यानं झाडायचं, आणि पिशवी रिकामी होईपर्यंत निघालेलं बटण परत आत टाकायचं नाही. म्हणजे तीन दिवसांत प्रत्येकाची पाळी यायलाच हवी. पण पिशवीत हात कायम तुझा, कारण पुन्हा थोरला तूच. आणि तिसऱ्या दिवशी तुझं एकटं बटण उरलं की तुला हमखास ताप यायचा, नाहीतर परीक्षा यायची. मग तू म्हणायचास, जाऊ दे, उद्यापासून नवी फेरी. की बटणं परत आत. आई हसायची, आणि झाडू माझ्या नाहीतर ताईच्या हातात.

परवा दहावीच्या वर्गाला संभाव्यता शिकवत होते. पिशवीत तीन चेंडू, एकेक काढायचा, परत ठेवायचा नाही, तर लाल चेंडू शेवटी निघण्याची संभाव्यता किती? एक तृतीयांश. हे गणित मी वीस वर्षं शिकवतेय, आणि त्याचं पहिलं वाक्य वीस वर्षं नुसतं वाचून पुढे जातेय. सर्व चेंडू आकाराने सारखे आहेत. या खेपेला खडू हातातच राहिला. शिंप्याची मुलं आपण, दादा. अंधारातही काज चाचपून बटण लावणारी बोटं आपली. कडीचं बटण कुठलं आणि चपटं कुठलं, तुला कळत नव्हतं होय? एका सुट्टीतल्या सहा फेऱ्या मला लख्ख आठवतात. सहाही वेळा तुझं बटण शेवटी. असं आपसूक घडण्याची संभाव्यता सातशे एकोणतीसात एक. फळ्याच्या कोपऱ्यात मी ती मांडली, आणि मुलांनी विचारायच्या आत पुसून टाकली.

झाडूचं सोड, झाडून कुणी मरत नाही. पण आई अंथरुणाला खिळली तेव्हाही तीच पिशवी निघाली. कॉलेज सोडून घरी कुणी थांबायचं? हात तुझा, बटण माझं. नऊ वर्षं मी आईचं केलं आणि आपल्या नशिबाला बोल लावत राहिले. डिग्री घेतली ती तिशी उलटल्यावर, बाहेरून परीक्षा देऊन. आई गेल्यावर बरीच वर्षं बाबा एकटेच राहिले, मग त्यांना एकट्यानं झेपेना, तेव्हा पिशवीत दोन बटणं होती. तू ताईचं काढलंस. तिनं सात वर्षं बाबांना सांभाळलं, तोंडातून ब्र काढला नाही. आईचं केलं याचा मला पश्चात्ताप नाही, हे नीट वाच. राग याचा आहे, की तुझी चलाखी तू नशीब म्हणून माझ्या गळ्यात मारलीस. नुसतं म्हणाला असतास, धाकटे, तू थांबतेस का, तर मी थांबले असते रे.

तर नवी फेरी वगैरे काही नाही. जुनीच अजून पुरी व्हायचीय. पिशवीत एक बटण आहे, आणि ते निघण्याची संभाव्यता एक, हे माझ्या वर्गातल्या शेवटच्या बाकालाही येतं. एवढं सुनावून पत्र संपवणार होते. पण ऑपरेशनपासून बाबा माझ्याकडेच आहेत, त्यांनी टेबलावरची पिशवी पाहिली आणि मागून घेतली. आत हात घातला, न बघता अंगठ्यानं कडी चाचपली आणि तोंडभर हसले. म्हणाले, अरे वा, थोरल्याची पाळी आली की! ताईला फोनवर सांगितलं, तर ती रडायलाच लागली. सात वर्षं दर महिन्याला ते तिला विचारायचे म्हणे, पिशवीत आता कोण उरलंय? तिला वाटायचं, म्हातारपण, विसरतात. विसरत नव्हते, दादा, तुझी वाट बघत होते. सकाळपासून त्यांची बॅग भरून दाराशी ठेवलेली आहे. शनिवारी अकराच्या गाडीनं मी त्यांना घेऊन येतेय. बटण त्यांच्या खिशात आहे आणि सुईदोराही. तुझ्या कोटाला ते स्वतः लावणार आहेत, तेव्हा असेल तो कोट काढून ठेव. आणि एवढं एक कर, शनिवारी ताप येऊ देऊ नकोस.

तुझीच,
धाकटी