गाय रॉलिन्सचा डावा हात

जानेवारी २००६

प्रिय देवसिंग,

सात वर्षांवर झाली, तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आता लिहितो आहे ती गाय रॉलिन्सबद्दल. हसू नको. नाही, हस, तू हसलास तर माझं निम्मं काम होईल. बातमी अशी आहे की आपला सिनेमातला गाय रॉलिन्स घोड्याला घाबरायचा. ज्यानं किल्ल्याच्या तटावरून घोड्यासकट खंदकात उडी मारली, आणि ज्याचं पाहून तू वसतिगृहाच्या ओट्यावरून उडी मारून घोटा मुरगळून घेतलास, तो म्हणे घोडा जवळ आला की घामानं भिजायचा. उडी दुसऱ्याच कोणी मारलेली. त्याच्या मिशीचा विमा उतरवला होता. आणि ज्या खलनायकाला त्यानं चार सिनेमांत तलवारीनं भोसकलं, त्याच्याच सख्ख्या बहिणीशी त्यानं लग्न केलं होतं. म्हणजे जन्मभर साळ्यालाच भोसकत राहिला. ही सगळी माहिती माझ्या मुलानं, क्षितिजनं, पुण्याहून इंटरनेटवरून काढून पाठवली. त्या कागदात आणखी एक गोष्ट होती. ती मागाहून सांगतो, कारण ती सांगायला मला जड जातं आहे.

तुला तो तंबू आठवतो ना? आपण आठवीत होतो. वणीच्या जत्रेत फिरता सिनेमा आला होता आणि बंडीवर भोंगा बांधून फिरणारा माणूस नटाचं नाव ओरडून सांगत होता, ‘अमेरिकेचा गाय! अमेरिकेचा गाय!’ अर्ध्या गावाला वाटलं, विलायती गाय आली. तिकीट काढून आत बसलेला एक म्हातारा मध्यंतरापर्यंत विचारत होता, ‘दूध किती देते?’ सिनेमा इंग्रजी. तंबूच्या मालकानं समजावून सांगायला एक माणूस उभा केला होता, पण इंग्रजी त्यालाही येत नव्हतं. ‘आता हा त्याले मारून राह्यला, आता तो याले मारून राह्यला,’ एवढंच तो शेवटपर्यंत सांगत राहिला, आणि खरं म्हणजे तेवढं पुरेसं होतं. माझे वडील तहसीलमध्ये हेडक्लार्क, म्हणून मला पुढं खुर्चीचं तिकीट. तू मारेगावकडच्या तांड्यातून शिकायला आलेला, वसतिगृहात राहणारा. तुझं तिकीट दोन आण्यांचं. मध्यंतरात आपण बाहेर एकाच पुडीतले फुटाणे खाल्ले. मग महिनाभर शाळेमागं, कापूस वेचून उरलेल्या पऱ्हाटीच्या वाळक्या काड्या घेऊन आपली लढाई. तू काडी डाव्या हातात धरायचास. मी ओरडायचो, ‘उजव्या हातात धर, गाय तशी धरतो.’ तू म्हणायचास, ‘मी डोयानं पाह्यलं नंद्या, डाव्यात धरते.’ शेवटी कंटाळून तू काडी उजव्या हातात घेतलीस. मला वाटलं, तुला पटलं.

पुढं मी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर झालो आणि तू शेती करू लागलास. केंद्राबाहेर तीन-तीन दिवस गाड्यांची रांग लागली की तू गाडीच्या सावलीत बसून लोकांना तुझा सिद्धांत ऐकवायचास. कापसाचा भाव पडला तो सरकारमुळं नाही की व्यापाऱ्यांमुळं नाही, हिरोंमुळं पडला. ‘गायच्या एका सदऱ्याले कपडा किती लागे, पहा! बाह्या अशा फुगेल, पोत्यासारख्या. आन् दर मारामारीत सदरा फाटे, मंग नवा. आताचे हिरो तं सदराच काढून फेकून राह्यले. मंग कापूस घेईन कोन?’ रांगेतली माणसं हसून हसून लोळायची. त्या वर्षांत त्या रांगेत हसण्यासारखं काही नव्हतं; जे कोणी हसलं ते तुझ्यामुळं. मी आत टेबलाशी बसून ऐकायचो. तुझ्या कापसाला एक प्रत खाली लावतानाही ऐकत असायचो. त्यावरून तू मला कधी एक शब्द बोलला नाहीस.

मग अठ्ठ्याण्णवचे गणपती आले. मंडळानं प्रश्नमंजूषा ठेवली. प्रश्न काढणारा मी आणि विचारणाराही मीच. पहिलं बक्षीस म्हणजे एका कृषी केंद्रानं दिलेला फवारणीचा पंप. अळीनं बोंडं पोखरायला सुरुवात केली होती आणि तू शेजाऱ्याची फवारणी आटोपेपर्यंत थांबून त्याचा पंप मागून आणत होतास. तू नाव दिलंस तेव्हाच मला कळलं, तू पंपासाठी आला आहेस. शेवटी दोघं उरलात, तू आणि एक दातांचे डॉक्टर. शेवटचं कार्ड मी मुद्दाम तुझ्यासाठी ठेवलं होतं. हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोला, रत्नप्रभालासुद्धा नाही. ‘तलवारबाज नट गाय रॉलिन्स डावखुरा होता की उजवा?’ म्हटलं, हे तर मीच याच्या हातात काडी देऊन शिकवलेलं. तू ताडकन म्हणालास, ‘डावखुरा!’ माझ्या कार्डावर लिहिलं होतं, उजवा. मी म्हणालो, ‘चूक.’

मांडव हसला. तू माइकजवळ आलास आणि हळूच विचारलंस, ‘नंद्या, मी पाह्यला ना. तू बी तं होता तिथं.’ आणि त्या क्षणी मला तुझं दोन आण्यांचं तिकीट आठवलं. दोन आण्यांची माणसं पडद्याच्या मागच्या बाजूला बसायची. मागून पाहणाऱ्याला सगळं आरशातल्यासारखं उलटं दिसतं, उजवा हात डावा होतो. म्हणजे बत्तीस वर्षांपूर्वीही तू हट्ट करत नव्हतास. तू जे पाहिलंस तेच सांगत होतास. हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं, आणि मी गप्प राहिलो. नंतर मी मनाची समजूत घातली की चारचौघांत ‘हा पडद्यामागं बसायचा’ असं सांगितलं असतं तर तुझाच अपमान झाला असता. थापा आहेत त्या. कार्ड माझं होतं, समोर पाहुणे बसले होते आणि माझी जीभ उचलली नाही. पंप दातांच्या डॉक्टरांना गेला. ते अजून त्यानं गुलाबांवर पाणी मारतात.

तू भांडला असतास तर बरं झालं असतं. तू फक्त त्या हंगामापासून वणीला कापूस आणणं बंद केलंस. वणी उशाशी असताना भाड्याचा मेटॅडोर करून राळेगावला नेऊ लागलास. आमच्या केंद्रावरचे लोक म्हणायचे, ‘साहेब, त्या देवसिंग आड्याचं डोकं फिरलं काय?’ मी म्हणायचो, असेल.

क्षितिजचा कागद आला तो तीन वर्षांपूर्वी. त्यात गायच्या बहिणीच्या आठवणी होत्या. गाय जन्मापासून डावखुरा. जेवणं, सही करणं, चेंडू फेकणं, सगळं डाव्या हातानं. पण बाकीचे तलवारवाले उजवे, त्यांच्यात हा एकटा डावा विचित्र दिसतो म्हणून त्याच्या उस्तादानं सहा महिने त्याचा डावा हात कमरेला बांधून त्याला उजव्या हातानं तलवार शिकवली. पडद्यावर उजवा, घरी डावा. आणि माझा प्रश्न काय होता? तो डावखुरा होता की उजवा. तू उलट्या बाजूनं पाहून बरोबर निघालास, मी खुर्चीवर बसून, सुलट्या बाजूनं पाहून चुकलो. तेव्हाच तुला लिहायला हवं होतं. पण तोवर माझं ‘सिनेमाचे पाचशे सवाल’ हे पुस्तक छापून झालं होतं. पदरमोड करून पाचशे प्रती काढल्या. त्यातल्या चारशे दहा आमच्या दिवाणाखाली आहेत आणि रत्नप्रभा त्यांवर कांदे पसरून ठेवते. हाच सवाल त्यात दोनशे बारावा आहे, आणि उत्तर आहे ‘उजवा’. छापलेलं खोटं कसं पाडायचं, म्हणून पुन्हा गप्प.

त्याच पुस्तकाच्या जिवावर गेल्या महिन्यात यवतमाळच्या एका कॉलेजनं मला प्रश्नमंजूषेला पाहुणा म्हणून बोलावलं. आयुष्यातलं पहिलं आमंत्रण; कोटाला इस्त्री करून गेलो. प्राध्यापक माझ्या पुस्तकातूनच विचारत होते. दोनशे बारावा सवाल आला आणि एक मुलगी उभी राहून म्हणाली, ‘डावखुरा.’ प्राध्यापक म्हणाले, पुस्तकात उजवा आहे, आणि लेखक इथं बसले आहेत. मुलगी खाली बसेना. ‘सर, माझ्या बाबांनी पाह्यला तो सिनेमा. पुस्तकात चुकलं असंन. वाटलं तर बाबांचे दोस्त आहेत वणीला, नंदकिशोरकाका, त्यांना विचारा. त्यांना सगळं माहीत असते.’ पुस्तकावर माझं नाव न. वि. देशकर असं छापलं आहे, तिला काय कल्पना. मी तिच्यासमोरची पाटी वाचली. पुष्पा देवसिंग आडे.

मी उठलो रे. माइक शिट्ट्या मारत होता. मी म्हणालो, मुलगी बरोबर आहे, पुस्तक चूक आहे आणि लेखक गाढव आहे. प्राध्यापकांना वाटलं विनोद आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तंबू, पडदा, पडद्याची मागची बाजू, गायची बहीण, सगळं सांगावं लागलं. तरी कोणाला कळेना, म्हणून फळ्याजवळची छडी घेऊन डाव्या-उजव्या हातांची लढाई करून दाखवली, त्यात प्राचार्यांचा पाण्याचा ग्लास त्यांच्याच मांडीवर गेला. पुष्पाला गुण मिळाला. पुढच्याच क्रिकेटच्या प्रश्नाला ती चुकली आणि दुसरी आली. तो दोष माझा नाही.

चहाच्या वेळी मी तिला सांगितलं, मीच तो नंदकिशोर. ती वाकून पाया पडली. मी घाबरत घाबरत विचारलं, वणीच्या त्या पंपाबद्दल बाबा काय म्हणतात? म्हणाली, ‘सवाल कोणता होता ते सांगत नाहीत. एवढंच म्हणतात, नंद्यानं तो माह्याचसाठी ठेवला होता, मलेच उत्तर देता नाही आलं. आता कोणतं तोंड घेऊन जाऊ त्याच्यासमोर?’ देवसिंग, तुला ते कसं कळलं रे? आणि सात वर्षं मी समजत होतो की तू रागावला आहेस. तू लाजून राळेगावला जात होतास! कोटात उभा राहून मी रडलो. मुलांना वाटलं, प्राचार्य रागावले म्हणून रडतो आहे.

आता खरं सांगतो. हे पत्र मी घरी लिहिलेलं नाही. मी तुझ्या फाट्यावर बसलो आहे, गोविंदाच्या चहाच्या टपरीत. महिन्याभरात ही चौथी खेप. तीनदा आलो, तांड्याकडं जाणाऱ्या पांदणीकडं बघत भजी खाल्ली आणि पुढच्या एसटीनं परत गेलो. आज गोविंदानंच विचारलं, ‘साहेब, भजे तं वणीतबी भेटतात. तुमी इथवर येता कायले?’ मी त्याच्याकडून वहीचे कागद घेतले आणि दोन तास लिहीत बसलो. एवढ्यात तुझ्या लालीबाई बाजाराची पिशवी घेऊन एसटीतून उतरल्या. म्हटलं, वहिनी, एवढं देवसिंगला द्या. त्यांनी कागदांकडं पाहिलं, मग माझ्या पायांकडं, आणि म्हणाल्या, ‘कागद कायले? पाय तं चांगले हायत ना तुमचे?’ तरी न्यायला तयार आहेत, पिशवी खाली ठेवून उभ्या आहेत आणि घाई करून राहिल्या आहेत. साडेपाचला वणीची शेवटची एसटी आहे. आज मी तिच्यात बसणार नाही. तू फाट्यावर आलास तर बरं, नाही आलास तर दिवस बुडायच्या आत मीच येतो. बोलायला माझ्याजवळ काही उरलेलं नाही, सगळं इथं लिहून टाकलं, नुसतं बसू. रात्री जेवायला आहे, असंही वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, मग पत्र संपवा, भाकरी टाकायला घरी तर जाऊ द्या.

तुझाच,
नंद्या