भिंगरीची साथ

सोमवार, ३ तारीख
आले एकदाची नव्या गावात. खोली वरच्या मजल्यावर, दोन्हीकडून वारा, खिडकीखाली कडुलिंब नाही की काही नाही, सरळ रस्ताच, त्यामुळे करमणुकीचा प्रश्न मिटला. लेकीचं शाळेचं वर्ष मोडू नये म्हणून तिला ताईकडे ठेवलंय, पुढच्याच गावात. बस सुटताना तोंड एवढंसं झालं होतं तिचं. दर रविवारी जायचं ठरलंय.

दवाखाना आवडला. माझं काम साथींवर नजर ठेवायचं: घरोघर फिरायचं, ताप, जुलाब, पुरळ कुणाला आहे ते विचारायचं, नमुने तपासायला पाठवायचे आणि वरच्या ऑफिसला कळवायचं. कंपाउंडरकाका निवृत्तीला टेकलेत. म्हणाले, इथे कुणी आजारी पडत नाही बाई, पडायला वेळ कुणाला आहे?

मालकीणबाई एकट्याच राहतात. माझ्यासाठी चहा टाकला, स्वतःचा मात्र खिडकी ते दार फेऱ्या मारत प्यायल्या. या वयात काय उत्साह, असं वाटून गेलं.

बुधवार, ५ तारीख
आज निम्मं गाव पालथं घातलं. सगळे ठणठणीत. सगळेच घाईत. न्हाव्याने दुकानातली खुर्ची काढून टाकलीय. गिऱ्हाईक उभं, तेही पाय बदलत, आणि न्हावी कात्री घेऊन त्याच्या मागे मागे. मला हसू आवरेना. पुढे शिंपी उभ्यानेच मशीन चालवत होता. भंगारवाल्याकडे खुर्च्यांचा ढीग पडलाय. खोलीसाठी एक वेताची उचलली, तर तो मला म्हणाला, हिचं काय करणार?

लेकीला फोनवर न्हाव्याची नक्कल करून दाखवली. हसून हसून तिला उचकी लागली.

शुक्रवार, ७ तारीख
मालकीणबाईंच्या पावलांना फोड आलेत, मोठे, पाण्याने भरलेले. त्या नको नको म्हणत असताना मी त्यांना माझ्या खुर्चीत बसवलं, पाऊल मांडीवर घेतलं, पुसलं, मलम लावलं. पाऊल मांडीवर स्वस्थ राहीना. आत काहीतरी धडपडत असल्यासारखं ते उडत होतं. त्या ओशाळल्या. बसलं की जीव घाबरा होतो, चाललं की बरं वाटतं, एवढंच म्हणाल्या. गावात याला भिंगरी म्हणतात. पायाला भिंगरी लागलीय, असं सांगतात आणि हसतात.

ताप नाही. खोकला नाही. वर कळवायचं ते काय? ज्याला कुठलाच रकाना नाही असा हा आजार, कागदावरसुद्धा बसायला तयार नाही. मी खाली माझ्या शब्दांत लिहून पाठवलं. फोनवरच्या साहेबांनी विचारलं की चालणं केव्हापासून रोग झाला?

रविवार, ९ तारीख
शिंपी गेला. भर बाजारात, चालता चालता. आमच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले दमणूक. पण त्यांनी त्याची पावलं लगेच झाकली, मला नीट बघू दिली नाहीत.

ताईकडे जायचं राहिलं. लेक रुसली, फोनवर आलीच नाही. मलाही आज चैन नाही.

मंगळवार, ११ तारीख
दोन दिवस एकच प्रश्न घेऊन फिरतेय: भिंगरी लागायच्या आधी काय केलं होतं? एका घरातली सून म्हणते सासूचे पाय धुतले. न्हावी म्हणतो शिंप्याच्या तळव्यांना पट्टी बांधली. फोडांतलं पाणी. ज्याने ज्याने मायेने कुणाचे पाय हातात घेतले त्याला लागली.

हे डॉक्टरांना सांगताना माझं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. मालकीणबाईंना मलम लावलं त्या दिवशी डबीचा पत्रा लागला होता. जखम भरत आलीय. मी हात पदराखाली घेतला.

डॉक्टरांनी तिघांना खाटेला बांधलं होतं, विश्रांती मिळावी म्हणून. तिघेही सकाळी गेलेले. कोंडलं की मरतात. मोकळं सोडलं की पसरतं. शेवटी गावाबाहेर जाणारा रस्ता तेवढा आडवा बांबू लावून बंद केला. त्या बांबूपाशी कंपाउंडरकाका उभे राहणार. वरून पथक येतंय म्हणे.

बुधवार, १२ तारीख
बांबूपाशी गर्दी झालीय. कुणी ढकलत नाही, भांडत नाही. सगळे जागच्या जागी पाय उचलतायत, टेकवतायत. धूळ उडतेय. बाई, जरा सरता का, आम्हाला जायचंय, असं अगदी नीट सांगतात.

कुठे जायचंय, मी एकेकाला विचारलं. मला वाटलं होतं, उगाच, कुठेही, असं म्हणतील. न्हाव्याला भावाकडे जायचंय. सुनेला आईकडे. मालकीणबाईंनी माझं मनगट धरलं. मुलगा शहरात असतो, किती दिवसांत बघितला नाही, म्हणाल्या. डोळ्यांत पाणी, आणि पाय चालूच.

उगाच कुणीच चालत नाही. ज्याच्यावर जीव आहे त्याच्याकडे निघालेत सगळे. आणि तिथे पोचल्यावर ते माणूस आधी काय करील? बसवेल. पाय हातात घेईल.

डॉक्टरांना सांगायला धावले. ते ऐकत होते, उभे. टेबलाभोवती एक चक्कर झाली, दुसरी झाली. माझी बायको माहेरी असते, ते म्हणाले. दवाखान्याच्या किल्ल्या माझ्यापुढे ठेवल्या आणि मागच्या दाराने, शेतांतून —

गुरुवार, १३ तारीख
वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्याने लिहितेय. खोलीत उकडतंय म्हणून. हो, म्हणूनच.

नाही. उकडत नाहीये.

ताईला फोन केला. लेकीला घेऊन आत्ताच्या आत्ता नीघ, लांब जा, कुठे ते मला सांगू नकोस. ताई वैतागली, परीक्षा तोंडावर आलीय म्हणाली. मी तिच्यावर ओरडले. कधी ओरडले नव्हते. तेव्हा कुठे कबूल झाली.

मग लेकीने फोन हिसकावला. मी ठेवायच्या आत तिने हळूच सांगून टाकलं कुठे जाणार ते. म्हणाली, आई, मावशीला कळू देऊ नकोस, पण तू ये हं.

ती जागा मी इथे लिहिणार नाही. पण पायांनी ऐकलंय.

शुक्रवार, १४ तारीख
काकांना म्हटलं, मला कोंडा. बाहेरून कडी घाला. काय होतं ते त्यांना माहीत आहे. मलाही. ते म्हणाले, पोरी, नको. मी हात जोडले. कडी लागली.

फोन खिडकीतून रस्त्यावर फेकला. तिचा आवाज आला तर —

खुर्ची, दार. दार, खुर्ची. फोड आलेत.

पथक आलेलं नाही.

दुपार
दाराबाहेर पावलं. जिन्यापर्यंत जातात, परत येतात. काका. मी विचारलं, बांबूपाशी कोण आहे? कुणी नाही, म्हणाले. तुम्ही इथे कशाला आलात? ते रडतायत. मला कुणी नाही गं, म्हणाले. पाय इकडेच आले.

काका, कडी काढू नका. तुम्हाला माझी —

काढली.

शनिवार
चालताना लिहितेय. बांबू मोडून पडलाय. सगळे गेलेत, सगळीकडे.

थांबायचा प्रयत्न केला. झाडाला मिठी मारली. छातीत असं काही — सुटले. चाललं की बरं वाटतं. फार बरं वाटतं.

दिशा चुकवायची. डावीकडे वळायचं. वळले. पाय परत —

रविवार
लेकीने सांगितलेलं गाव आलं. ताई, तुम्ही दोघी आत असाल तर कडी घाल. मी हाक मारली तरी. मी गोड बोलेन, पाय दुखतात म्हणेन, खरंच दुखतात, तरी —

लेक दारात उभी आहे. एकटीच. वाट बघत.

तिने बघितलं मला. हात हलवतेय. मी ओरडले, आत जा, पळ. वारा उलटा आहे, ऐकू गेलं नाही. दोन्ही हातांनी नको नको केलं. तिला वाटलं मी बोलावतेय. पायरी उतरली, चप्पलही न घालता, ती धावत य—