नकाशावर केलेली खूण

आस्त्राखान,
१२ ऑक्टोबर २०१५

चि. लिदा हिस,
अ. उ. आ.

कास्पियन समुद्रातून आपल्या युद्धनौकांनी तुमच्या सीरियावर क्षेपणास्त्रं सोडली, हे तुझ्या कानी आलंच असेल. आमच्या टीव्हीला दुसरा विषय नाही. त्यातल्याच एका नौकेवर आपला रोद्या आहे. आमच्या जिन्यावरच्या शेजारणी कोबी भरून भाजलेले पिरोग घेऊन माझं अभिनंदन करायला आल्या. मी हसून चहा दिला. पडद्यावरचा बाण इद्लिबकडे वळला तेव्हा मात्र स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मावशी तिथेच राहते ना, असं रोद्याला फोनवर विचारलं, तर पोरगा म्हणतो, आई, मी भटारखान्यात बटाटे सोलतो. घरी कधी चमचा विसळला नाही यानं. वैताग आलाय नुसता.

तू निघून ये. मुन्ज़िरला आण, त्याच्या आईलाही आण. इथे शिकायला आलेल्या त्या डॉक्टरवर भाळलीस तेव्हाही माझं ऐकलं नाहीस, आता तरी ऐक.

वाट पाहणारी,
राया


कफ्र नव्वार, इद्लिब,
२६ ऑक्टोबर

ती. रायाताईस,
सा. न. वि. वि.

औषधं आणायला तुर्कस्तानात जाणाऱ्या माणसाकडून तुझं पत्र पोचलं, हेही त्याच्याच हाती देते. ऑलिव्हची तोडणी चालू आहे. तेल गाळून होईपर्यंत सासूबाई उंबरठा ओलांडायच्या नाहीत. मुन्ज़िर म्हणतो, पंचक्रोशीत मी एकटा डॉक्टर, जाऊ कुठे? दोघांपुढे हात टेकले मी.

त्या पहाटे डोक्यावरून काहीतरी घरघरत गेलं. सासूबाईंना वाटलं, कुणी आभाळात मोटरसायकल काढली. मग टेकडीपलीकडे धूर दिसला. तेव्हापासून दुकानदार मला साखर देताना तोंड फिरवतो. गावात मी ‘रशियन बाई’ ना. सासूबाईंनी त्याला भर दुकानात झापलं, की ही माझी सून आहे, जहाज नाही.

रोद्याचं मी कुणालाही सांगितलेलं नाही. त्याची लंगोटं मी धुतली आहेत, त्याच्यावर रागावू तरी कशी? पण रागावते, रोज. तू त्याला खोदून विचारू नकोस. आणि मुख्य म्हणजे, आपल्या डोक्यानं काही करायला जाऊ नकोस. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे.

माया आहेच, ती अशीच ठेव.
तुझी लिदा


आस्त्राखान,
१४ नोव्हेंबर

चि. लिदा हिस,
अ. उ. आ.

तू रागावशील, पण मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. तुमच्या जिल्ह्याचा मोठा नकाशा मिळवला. तुझ्याकडे राहून आले होते, त्यामुळे नदीचं वळण, मशीद, त्यामागचं तुमचं घर, सगळं लक्षात होतं. घराभोवती लाल पेन्सिलीनं गोल केला, वाळवलेल्या वोब्ला माशांची जुडी घेतली आणि नौदलाच्या कचेरीत जाऊन बसले. अर्जविनंतीला मोकळ्या हातानं जाऊ नये, हे आईनंच शिकवलंय. इथे माझी बहीण राहते, आपल्याच देशाची, एवढं घर सोडून मारा, असं सांगितलं.

साहेब तरुण होता, फार अदबीनं बोलला. बहिणीचे यजमान काय करतात, विचारलं. मी अभिमानानं सांगितलं, डॉक्टर आहेत, घरातच दवाखाना आहे, जखमी माणूस कुठल्या बाजूचा हे विचारत नाहीत. त्यानं ते लिहून घेतलं आणि नकाशा ठेवून घेतला.

रोद्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, आई, तू गोल करून दिलास? आणि फोन ठेवला. तेव्हापासून उचलत नाही. चांगलं करायला जावं तर हे असं. तूच सांग, माझं काय चुकलं?

तुझी काळजी करणारी,
राया


५ डिसेंबर

ती. रायाताईस,
सा. न. वि. वि.

काय चुकलं ते सांगते. इथे दवाखान्यांवरच बॉम्ब पडतात. मुन्ज़िरनं छपरावरची दवाखान्याची खूण, लाल चंद्रकोर, स्वतः चुना फासून पुसली होती, पाटी उतरवली होती. आणि तू नकाशावर गोल काढून दिलास, वर आत कुणाकुणाला तपासतात तेही सांगितलंस.

तुझं पत्र वाचून मुन्ज़िर उठला आणि रोग्यांच्या खाटा हलवायला लागला. एका बाईचे टाके ओले होते, तिला दार काढून त्यावर निजवून उचलून नेलं. लग्न होऊन आल्यापासून त्या घराबाहेर न झोपलेल्या सासूबाई आता परक्याच्या कोठारात झोपतात. तुझ्या बहिणीनं मायेपोटी केलं, असं त्याच मला समजावतात. मला ते ऐकवत नाही.

अजून तिथे काही पडलेलं नाही. कदाचित पडणारही नाही. त्या साहेबानं नकाशा रद्दीत टाकला असेल, किंवा नसेल. ते कळायला काही मार्ग नाही, आणि तोवर त्या घरात आम्हाला पाय टाकता येत नाही. कुणावर ओरडू, ताई? तुझ्यावर ओरडावं तर रडू येतं.

यापुढे माझ्या पत्रावर गावाचं नाव नसेल. विचारू नकोस. रोद्याचा फोन आला आणि त्यानं विचारलं, तर त्यालाही सांग की मावशी कुठे आहे ते तुला ठाऊक नाही. खोटं बोलावं लागणार नाही तुला.

तुझीच,
लिदा