न हरवलेलं जाळं

३ ऑक्टोबर
मच्छीमार सोसायटीच्या मीटिंगमध्ये हरवलेल्या जाळ्यांच्या मोहिमेचा प्रमुख म्हणून माझी एकमताने निवड. दुसरं कोणी तयारच नव्हतं, पण एकमत ते एकमत. मत्स्य खात्याच्या मॅडमनी समजावलं की समुद्रात सुटलेलं जाळं गप्प बसत नाही. मासा अडकून मरतो, त्याला खायला खेकडे येतात, तेही अडकतात. वर्षानुवर्षं हेच. नंतर मीही तेच पाऊण तास समजावलं.
नियम केला: जाळं हरवलं की चोवीस तासांत रजिस्टरमध्ये नोंद, जागेसकट. धाकट्या भावाने पहिली टाळी वाजवली. आमची बोट सामायिक, दिवसाआड पाळी. जाळी मात्र ज्याची त्याची.

९ ऑक्टोबर
एकही नोंद नाही. विचारावं तर म्हणतात, आमची जाळी हरवतच नाहीत. जागा सांगायची म्हणून पोटात दुखतं. जाळं जिथे गेलं तिथे मासा असणार, हे शेंबडं पोरही ओळखेल ना. किती ही कोती मनं.

११ ऑक्टोबर, दुपार
माझं जाळं गेलं. बाबांच्या खडकावर अडकलं, ओढलं, दोर तुटला.
बोटीतून बघताना किनाऱ्यावरचं दीपगृह पाण्याच्या टाकीआड गेलं की खाली तो खडक. बाबांनी शेवटच्या आजारपणात फक्त मला सांगितलेली जागा. धाकट्याला बोलू नकोस, म्हणाले होते, त्याच्या पोटात काही राहत नाही. आठ वर्षं माझं घर त्या खडकावर चाललंय.

११ ऑक्टोबर, संध्याकाळ
शांतपणे विचार केला. हरवलेलं म्हणजे कुठे आहे ते ठाऊक नसलेलं. मला पक्कं ठाऊक आहे. तेव्हा नोंदीचा प्रश्नच येत नाही.

१३ ऑक्टोबर
मॅडम म्हणाल्या, प्रमुखांनीच उदाहरण घालून द्यावं. दिलं. नोंद केली. जागा तेवढी पलीकडच्या चिखलातली लिहिली, जिथे आजवर कोणी जाळं टाकलेलं नाही. तत्त्व महत्त्वाचं.

१५ ऑक्टोबर
चिखलावर नऊ बोटी. सगळ्यांनी रजिस्टर वाचलंय. टोपल्या भरभरून कोळंबी मिळाली म्हणे. चेअरमननी सर्वांसमक्ष माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. मी हात जोडले. दुसरं काय करणार?

१७ ऑक्टोबर
मीही चिखलावर गेलो. जाळं टाकायला जागा नव्हती. एकजण ओरडला की मागून आलेल्याने मागे राहावं.

१९ ऑक्टोबर
खडकावर दुसरं जाळं टाकलं. दोन मासे आले, तेही अर्धे खाल्लेले. खालचं जाळं माझ्यापेक्षा जास्त काम करतंय. वाईट वाटलं. खरंच वाईट वाटलं.
काढायचं तर सोसायटीचे लोखंडी आकडे लागतात. आकडे नेताना जागा लिहावी लागते. हा नियमही माझाच. इकडे आड, तिकडे विहीर. हिने विचारलं, जेवत का नाही. पित्त झालंय, म्हणालो.

२२ ऑक्टोबर
मॅडमची बोट दोन दिवस चिखलात माझं जाळं शोधत होती. एक टायर मिळाला. प्रवाहाने वाहून गेलं असेल, म्हणाल्या. मी गंभीरपणे मान हलवली. त्यांनी जाताना आभार मानले, ते जास्त लागलं.

२४ ऑक्टोबर, सकाळी ६
आज सोक्षमोक्ष. पाळी धाकट्याची आहे, पण इंजिन मेकॅनिकला दाखवून आणतो असं त्याला सांगितलं. आकड्यांऐवजी बोटीचाच नांगर खाली सोडायचा, जाळं उचलायचं, परत यायचं. तासाभराचं काम. झाकली मूठ सव्वा लाखाची.

सकाळी ९.४०
जाळं वर आलं ते थेट बोटीच्या पंख्यात. इंजिन बंद. नांगर खडकात रुतलाय, हलत नाही. बोट पुढेही जात नाही, मागेही नाही. मोबाईलला रेंज नाही. वायरलेस आहे, पण तो सगळं बंदर ऐकतं.

सकाळी १०.३०
वायरलेसवर मदत मागितली. कुठे आहात, विचारलं. समुद्रात, म्हणालो.

सकाळी ११.१५
मागच्या बाजूने पाणी आत येतंय. घोट्यापर्यंत आलंय. सांगितलं. दीपगृह, टाकी, सगळं सांगून टाकलं. बाबा, माफ करा.

दुपारी ४
चार बोटी आल्या, एकीत धाकटाही. सरळ आल्या, एकानेही वाट विचारली नाही.
आकडे टाकून ओढलं. माझं जाळं आलं, त्याला गुंतलेलं चेअरमनचं आलं, त्याखाली आणखी दोन आली. चेअरमन दीपगृहाकडे बघत राहिले. सगळ्यात खालचं, शेवाळ धरलेलं, धाकट्याचं निघालं. तीन वर्षांपूर्वी गेलं होतं, म्हणाला. मी विचारलं, तुला ही जागा कोणी सांगितली. बाबांनी, म्हणाला. फक्त त्यालाच. दादाला बोलू नकोस, तो भाषणात सांगून टाकेल, असं म्हणाले होते.
जाळ्यांतून निघालेली मेलेली मासळी आणि खेकडे अजून धक्क्यावर पडलेत, दोन हातगाड्या भरतील इतके. खडकाची जागा आता उघड सगळ्यांना माहीत आहे. उद्या तिकडे कोणीच जाणार नाही, कारण तिथे काही उरलेलं नाही.